बैलाविना चाकोरी

प्रिय अर्तुराव,

अरे, मेल्यावर तरी एका जागी बसायचं होतंस की!

जिवंत होतास तेव्हा रोजचं भांडण हेच. पायाला तेल लावून झालं की मी म्हणायचो, जरा पडून राहा, तेल जिरू दे, गरम पाय घेऊन थंडीत जाऊ नको. तू 'होय, होय' म्हणायचास, आणि मी हात पुसून वळतोय तोवर खाट रिकामी! आता तर तुला मातीत घातलं, वर दगड बसवला, दगडावर नाव कोरलं. म्हटलं, चला, आता तरी हा हलायचा नाही. आणि गेलास कुठं? कोल्हापूरला! माझ्याच गावाला! मला न सांगता, न विचारता. मी इथं परमुलखात आगबोटीच्या तिकिटाला पैशाला पैसा जोडत बसलोय आणि तू फुकटात जाऊन पोचलास. ह्याला मैत्री म्हणतात व्हय?

मामाचं पत्र आलंय, म्हणून आज लिहायला बसलो. तुला ठाऊक आहे, मी चौथीतनं शाळा सोडली, माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं. पण आज लिहायलाच पाहिजे. वाडीत तुझ्यावरनं गोंधळ माजलाय.

झालं असं. आमच्या वाडीच्या मागचा तो गवताचा उतार. पन्हाळ्याच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला दिसतो तो. बिरू धनगर पहाटे मेंढरं घेऊन तिकडं गेला आणि तसाच माघारी पळत आला. मामा तालमीपुढं दात घासत होता.

"वस्ताद, रातचं उतारावर गाडी कुणी घातलीती?"

"येडा का खुळा तू? त्या उतारावर गाडी घातली तर बैलांची हाडं गोळा कराय लागतील."

"चाकोरी हाय की! दवात सरळ दोन रेघा. पर वस्ताद..."

"पर काय?"

"खुरं न्हाईत. बैलांची बी न्हाईत आन् माणसाचा पाय बी न्हाई."

मामा स्वतः जाऊन बघून आला. सगळं गवत दवानं पांढरं, आणि त्यातून दोन हिरव्या रेघा, एकमेकींपासून वीतभर लांब, अगदी जोडीनं. गाडीची चाकोरी एवढी अरुंद नसते हे मामाला तिथंच कळलं. रेघा वरच्या खडकापासून निघालेल्या, आणि खडकापर्यंत चढून गेल्याची मात्र एकही खूण नाही. निम्म्या उतारावर येऊन रेघा थांबल्या. वळल्या नाहीत, फिरल्या नाहीत. थांबल्या.

दुसऱ्या खेपेला जरा खाली येऊन थांबल्या. मग आणखी खाली. आता त्या जांभळीच्या झाडापर्यंत आल्यात, आणि जांभळीखाली पहिलं घर मामाचं.

धनगर मेंढरं तिकडं नेत नाही. बाया शेणी वेचायला जात नाहीत. तालमीतले गडी, ज्यांच्या मांड्या नुसत्या बघून परगावचे पैलवान गार पडतात, ते दिवेलागण झाली की जांभळीकडं तोंड करत नाहीत! पाटलानं नदीपलीकडचा देवऋषी ठरवलाय. येत्या अमावास्येला तो उताराच्या तोंडाशी लोखंडी खिळे ठोकणार, लिंबू कापणार आणि जे काय आहे ते तिथंच बांधून टाकणार.

तुला कळतंय का, बांधणं म्हणजे काय? वर जाता येत नाही, खाली येता येत नाही. तिथंच, त्या उताराच्या मध्यावर, कायमचं. तुझ्यासारख्याला ह्यापेक्षा वाईट शिक्षा कुणाला सुचली नसती. 

म्हणून हे पत्र मी मामाच्या पाकिटात घालून धाडतोय. वाडीच्या शाळेतल्या गुरुजींनी ते सकाळी उतारावर उभं राहून मोठ्यानं वाचायचं, अशी विनंती केली आहे. तुला मराठी किती येतं ते मी जाणतो. 'बस', 'हळू', 'आणखी', आणि तालमीतल्या पोरांनी शिकवलेल्या त्या दोन शिव्या, ज्या तू पाटलापुढं नमस्कार म्हणून घातल्या होत्यास! पण वाडीतली माणसंही ऐकायला जमतील. म्हणून तुझीच हकिकत तुला सांगतो. रागावू नको. माणूस ओळखीचा झाला की त्याचं भ्या वाटत नाही.

तू इटलीच्या पार वरच्या अंगाच्या डोंगरातला. गावातलं सगळ्यात उंचावरचं घर तुमचं. बाप लाकूडतोड्या. तू पोरवयात असतानाच बर्फाची दरड आली आणि त्याला घेऊन गेली. सापडला तो उन्हाळ्यात, बर्फ वितळल्यावर. मग घरात तू, आई आणि दोन गाई. खालच्या गावात दूध पोचवायचं काम तुझं. जुन्या पिंपाच्या दोन फळ्या पायाला बांधायच्या, पाठीला दुधाची चरवी, आणि सुटायचं खाली. दूध सांडलं तर आईचा मार. म्हणून तू गुडघ्यात मोडून, पाठ पाटासारखी सपाट ठेवून यायला शिकलास. पुढं पेपरवाल्यांनी तुझ्या त्या बसण्याला काय काय नावं दिली! तू मला म्हणालास, "मारुती, त्यात काय नाही रे. दूध सांडू नये म्हणून."

शर्यत म्हणजे काय हे वाडीला सांगायला हवं. डोंगराच्या माथ्यावरनं एकेकानं सुटायचं. बर्फात निशाणं रोवलेली असतात, त्यांच्यामधून खाली यायचं. खाली माणसं घड्याळ घेऊन उभी. ज्याला वेळ कमी लागला तो जिंकला. मोटारीपेक्षा जोरात येतो माणूस, आणि थांबवायला ब्रेक नाही. पहिल्या शर्यतीत तू उतरलास तो नव्या बुटांसाठी. बक्षीस बुटांचं होतं, आणि तुझ्या बुटांना तळ उरला नव्हता. जिंकलास. बूट मोठे झाले, तर पुढं चिंध्या कोंबून वापरलेस.

मग लढाई आली. मी वय खोटं सांगून मराठा पलटणीच्या भटारखान्यात लागलो होतो. पलटण तुमच्याच डोंगरात अडकली होती. एका सकाळी मी चूल पेटवतोय तर धुक्यातनं तू आलास. खांद्यावर फळ्या, गुडघा नारळाएवढा सुजलेला. तोवर तुमची माणसं आणि आम्ही एका बाजूला झालो होतो, म्हणून कुणी गोळी घातली नाही. मी तुझा पाय मांडीवर घेतला, राईचं तेल लसूण घालून कोमट केलं आणि मामानं शिकवलं तसं वरून खाली, वरून खाली. तू एवढ्या शिव्या घातल्यास! एक अक्षर कळलं नाही मला, पण सूर कळला. सूर अगदी कोल्हापूरचा होता.

लढाई संपली, मी घरी आलो. पण मला कुठं करमतंय? थोडे दिवस गुऱ्हाळावर राहिलो, थोडे ट्रकवर क्लीनर म्हणून फिरलो, हुपरीला जाऊन चांदी आटवायच्या भट्टीवर बसलो. आई म्हणायची, "ह्याच्या पायाला भिंगरी हाय, ह्याला पोरगी कोण देणार?" अन् एक दिवस टपालवाला एक कार्ड घेऊन आला. एका बाजूला डोंगराचं चित्र, दुसऱ्या बाजूला एकच शब्द. गुरुजींनी इंग्रजी अक्षरं जोडून वाचला: हळू.

तेवढ्यावर मी निघालो. बोटीवर भांडी घासत आलो. आठवतं का, स्टेशनवर तू काय केलंस? नमस्कार नाही, मिठी नाही. बाकड्यावर बसलास आणि पाय पुढं केलास!

ती तुझी भरभराटीची वर्षं. कितीतरी डोंगर मी खालून बघितले. वरनं एक ठिपका सुटायचा, आणि मी श्वास धरला की तो सोडायच्या आत तू माझ्यापुढं. जगातला पहिला आलास त्या दिवशी लोकांनी तुला खांद्यावर घेतलं, आणि तू वरनं ओरडत होतास, "मारुती! बूट काढ, बोटं मेली!" जगज्जेता गडी, आणि मोजे फाटके. तुझी आई तुझी पदकं शिंकाळ्यातल्या कांद्यांबरोबर टांगायची. म्हणायची, दोन्ही कोरडं राहायला पाहिजे.

आता पुढचं जरा जपून वाचा, गुरुजी. पोरं असतील तर लांब बसवा.

तू पडलास त्या शर्यतीची गोष्ट. पाय तीन ठिकाणी मोडला. दवाखान्यात मी उशाला बसलो होतो. लोक म्हणत होते, वळणावर तोल गेला. तू माझी मान जवळ ओढलीस आणि म्हणालास, "माझ्यापुढं कुणीतरी गेलं होतं."

मी म्हटलं, "असं कसं? पहिला नंबर तुझाच होता सुटायचा. रात्रभर बर्फ पडलेलं, कुणी पाऊल टाकलं नव्हतं."

"तेच तर," तू म्हणालास. "कोरं बर्फ, आणि त्यात दोन रेघा. मला त्या मोडवेनात. बाजूला झालो, आणि पडलो."

मी विचारलं, "बाप असेल का रे तुझा?"

तू हसलास. म्हणालास, "बाप एवढ्या घाईनं कधी घरी आला नाही."

त्या दिवसापासनं तू ते पुन्हा काढलं नाहीस. मीही नाही काढलं. पण सरावाला गेलास की वर पोचून आधी उतार न्याहाळत उभा राहायचास, शेतकरी दुसऱ्याची गुरं पिकात शिरलीत का बघतो तसा. मी खालून बघायचो. कधी सुटायचास, कधी फळ्या खांद्यावर टाकून चालत खाली यायचास. मी कधी विचारलं नाही का आलास म्हणून. कळत होतं.

डॉक्टर म्हणाला, वर्षभर बर्फ विसर. तू मला म्हणालास, "बसायचंच आहे तर तुझ्या गावात बसू. तिथं बर्फच नाही."

आणि आपण कोल्हापूरला आलो! वाडीनं बर्फाचा माणूस बघितला तो असा. तालमीच्या कट्ट्यावर काय बोलणं चाललं होतं ते तुला कळलं नव्हतं, आज सांगतो.

"पावणं, बर्फ म्हंजी गारीगारच न्हवं?"

"व्हय. ह्यांच्याकडं गारीगाराचा डोंगर हाय."

"आन् हे काय करत्यात?"

"त्यावरनं खाली येत्यात."

"खाली यायचं बक्षीस देत्यात? मग आमच्या पांडबाला धाडा की, तो रोज माडीवरनं खाली येतोय पिऊन!"

मामानं मात्र हसणाऱ्यांना गप्प केलं. तुझा पाय मांडीवर घेतला, अंगठा फिरवला, डोळे मिटले. मिलानोच्या डॉक्टरनं काचेवर हाडाचा फोटो दाखवून जे सांगितलं होतं तेच मामानं सांगितलं: "हाड सांधलंय. वाकलं की दुखणार, जन्मभर दुखणार. पर दुखणं म्हंजी मोडणं न्हवं. त्येला सांग, दुखू दे." मी तुला सांगितलं. तू मामाचे पाय धरलेस. कुणी शिकवलं होतं तुला ते?

पावसाळाभर तू तालमीत पडून होतास. सकाळी पोरं कुस्तीच्या हौद्यात उतरताना तांबडी माती कपाळाला लावतात, ते तू टक लावून बघायचास. दसऱ्याच्या सुमारास सुताराकडनं सागाच्या दोन फळ्या करून घेतल्यास, पुढनं वाफेवर वाकवलेल्या. तळाला मेण. आणि एका सकाळी, गवत गुडघाभर, ओलं, तू त्या उतारावर चढलास. अख्खी वाडी खाली उभी. बायका तोंडाला पदर लावून. बिरू धनगर म्हणतोय, "आता ह्येचं मढं मीच उचलायचं व्हय?"

तू सुटलास. आवाज असा आला, मोठं रेशमी लुगडं टरकावं तसा. जांभळीपाशी येऊन आडवा झालास, अंगाला गवताचं कुसळ, आणि असा हसत होतास, की तसं हसताना मी तुला कधी बघितलं नाही. जिंकलास तेव्हासुद्धा नाही. मी धावत आलो. तू काय म्हणालास?

"मारुती, इथं पुढं कुणी नाही! सगळा उतार कोरा आहे!"

त्या बोलण्यावर मी तेव्हा नुसती मान हलवली. आज मामाचं पत्र वाचताना कळलं, तू तिकडंच का गेलास.

परत इटलीला येऊन तू पुन्हा एकदा शर्यतीत उतरलास. दुखऱ्या पायानं. सुटायच्या आधी चिमूटभर बर्फ उचलून कपाळाला लावलंस. पेपरवाले विचारत होते हा कसला मंत्र. मी एकटाच हसत होतो. जिंकलास. पण खाली आल्यावर तुझा चेहरा राखेसारखा. म्हणालास, "पुन्हा होत्या. ह्या खेपेला मी सोडल्या नाहीत. त्यांच्यावरनंच आलो." आणि फळ्या माझ्या हातात देऊन म्हणालास, "बस." मला वाटलं, थकला असेल. तू खरंच बस केलंस. पुन्हा शर्यत नाही.

कोण होता रे तो पुढचा? माझ्या मनात एक येतं. नको, ते लिहीत नाही.

ह्या वसंतात, शेवटचं बर्फ पडलं त्या दिवशी, तू दुपारीच वर गेलास. एकटा. मी घरात लाकडं फोडत होतो. मला म्हणालास, जरा बघून येतो. काय बघायचं होतं तुला? विचारलं नाही असं नाही, विचारलं होतं मी! तू हात हलवलास नुसता. अंधारलं तरी परतला नाहीस, मला वाटलं, वरच्या गोठ्यात झोपला असशील.

उजाडताना तुझ्या आईनं मला हलवून उठवलं. म्हणाली, "अर्तुरो आला. उंबऱ्याला बूट आपटून बर्फ झाडलं त्यानं. मी म्हटलं, दार उघडंच आहे. आत का येत नाही बघ."

मी दार लोटलं. नवं बर्फ, कोरं, निळसर. त्यात दोन रेघा. पार माथ्यापासनं सरळ उतरत आलेल्या, कुंपणाच्या मोकळ्या जागेतनं, परसातनं, थेट उंबऱ्यापर्यंत. उंबऱ्यापाशी बर्फाचा छोटा ढीग, बूट झाडल्यासारखा. आणि कुणी नाही. पुढं पाऊल नाही, मागं पाऊल नाही.

गावातली माणसं घेऊन मी त्या रेघा धरून वर चढलो. माथ्यावर तू होतास. खडकाला टेकून बसलेला, हात मांडीवर, डोळे उघडे, घराकडं बघत. काळीज थांबलं, असं डॉक्टर म्हणाला. फळ्या तुझ्या शेजारी बर्फात उभ्या रोवलेल्या. मी तळ चाचपले. कोरडे होते रे. त्या फळ्या खाली उतरल्याच नव्हत्या.

 तुमच्या पाद्रीनं छातीवर क्रूसाची खूण केली. आम्ही तुला खाली आणलं, आणि आणताना सगळेजण त्या रेघांच्या बाजूनं चाललो. एकानंही त्या तुडवल्या नाहीत.

हे सगळं तुला माहीत आहे. वाडीला नाही. वाडीकरांनो, ऐका: त्या रेघा दारापर्यंत आल्या आणि काय झालं? घर जळलं? कोण आजारी पडलं? गाय आटली? काही नाही. पोरगं घरी आलं, एवढंच झालं. तुमच्याकडं जे उतरतंय ते असलंच आहे.

आता मामा, तुम्हालाही दोन शब्द, रागावू नका. तुम्ही लिहिलंय, बातमी कळल्यावर तुम्ही घाटावर अर्तुरावचा दहावा घातला. प्रेमानं घातलात. पण त्याला इथं त्याच्या माणसांनी त्यांच्या रीतीनं वाटेला लावलं होतं. तुम्ही पंचगंगेवर उभं राहून त्याचं नाव घेऊन हाक मारलीत, पिंड मांडलात. कावळा शिवेना. देवळाच्या शिखरावर बसून राहिले सगळे. तुम्ही सांगितलंत, मारुतीला आम्ही बघू, शिवेना. पाय दुखत असंल तर तेल धाडू, तरी शिवेना. ऊन डोक्यावर आलं, भटजींना दुसरीकडं जायचं होतं, तेव्हा दर्भाचा कावळा करून शिववलात आणि घरी आलात.

मामा, तो यायला निघाला होता! इटलीहून पंचगंगा काय जवळ आहे? तुम्ही पावण्याला जेवायला बोलावलंत आणि तो दारात यायच्या आत पान उचललंत. आता तो उशिरानं येतोय, जसं जमेल तसं, थोडं थोडं उतरत, तर त्याच्या वाटेत खिळे ठोकणार? आपल्याकडं अनोळखी माणसालासुद्धा पावणं म्हणतात. पावण्याला कुणी खिळा मारतं व्हय?

असं करा. पाटलांना सांगा, अमावास्येला देवऋषी नको. त्यांनी त्याला जे काही आगाऊ दिलं असेल ते मी भरून देतो. त्याऐवजी वाडीला जेवण घाला. मटण करा, रस्सा झणझणीत करा. अर्तुरावच्या डोळ्यांतनं पाणी यायचं आणि तो 'आणखी' म्हणायचा, आठवतंय ना? एक पान दाराशी मांडा. आणि मामा, दाराला कडी घालू नका. रेघा जांभळीवरनं खाली येऊ देत. उंबऱ्यावर बूट आपटल्यासारखं वाजलं, तर भिऊ नका. "या पावणं, बसा," म्हणा. एवढंच. ज्याला उंबरा मिळाला तो उतारावर कशाला राहील?

आणि तू, अर्तुराव, गुरुजींचं वाचून होत आलंय, थोडा थांब. एक गाऱ्हाणं माझंही आहे. इथं, तुझ्याच घरात, चुलीशेजारी मी झोपतो. तू माझ्यासाठी एकदाही आला नाहीस. संध्याकाळी कामावरनं आलो की हाताला आपोआप तेल लावून बसतो. मांडीवर वजन येतं, अगदी तुझ्या पायाएवढं, गार. मी वरून खाली चोळतो. तुझी आई चुलीकडं तोंड करून बसते आणि काही बघितलं नाही असं दाखवते. पण ते वजन तू नव्हेस, एवढं मला कळतं. तू असतास तर शिव्या दिल्या असत्यास!

तुझ्या आईला आता नीट दिसत नाही. लाकडं आत आणायची तर उंबऱ्याला अडखळते. मी दोरीच्या पाळण्याच्या चाकाला ग्रीस लावायचं काम धरलंय, वर पर्यटक जातात त्या पाळण्याच्या. दिवाळीनंतर बोट धरून घरी निघायचं, असं मनात पक्कं केलं होतं. माझ्या पायाची भिंगरी तू जाणतोस. एवढी वर्षं मी कुठंच टिकलो नाही. परवा तुझ्या आईला सांगायला गेलो, मी जातो म्हणून. आणि लाकडंच रचत बसलो. तिनंच विचारलं, "माझा पोरगा तुझ्या मुलखात गेलाय म्हणतोस. तिकडं त्याला कुणी विचारेल का रे?"

मी म्हटलं, विचारतील. मामा आहे.

मग ती म्हणाली, "आणि मला?"

म्हणून आज तुला वचन देतो, उतारावर सगळ्यांदेखत, गुरुजींच्या तोंडून. तू माझ्या माणसांत राहा, पोटभर जेव, उतार कोरा आहे तोवर हवं तेवढं खेळ, मग तुझ्या मर्जीनं पुढं जा. तुला कुणी बांधणार नाही. आणि मी तुझ्या आईपाशी राहतो. ती आहे तोवर हलत नाही. भिंगरी काढून ठेवली. तिच्या पायांनाही तेल लागतं आता, आणि ती तुझ्यासारखी पळून जात नाही.

हळू ये, लेका.

तुझा,
मारुती

ता. क. मामा, बोटीच्या तिकिटाला जमवलेले सगळे तुमच्या नावानं धाडलेत. त्यातनं पाटलांचं देणं भागवा, जेवण घाला, उरले तर माझ्या आईला द्या आणि मारुती ह्या वर्षी येत नाही म्हणून सांगा. रुपये चारशे बारा.